पिस्तूल अडकतं, असं बाबांनी सांगितलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, वर्गातल्या एकाही मैत्रिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नाही. आणि तुम्ही समोर बसलेले नाही, म्हणूनही असेल.

कुठून सुरू करू? पिस्तुलापासूनच करते. आमच्या घरात पिस्तूल होतं, असं म्हटलं की लोक दचकतात. पण आम्हाला ते शेजारणीच्या शिलाई मशीनसारखं होतं — बाबांच्या कामाचं हत्यार. बाबा फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर खानापूरकडचं गाव सोडून आम्ही बेंगळूरला आलो, बनशंकरीत दोन खोल्या घेतल्या, आणि बाबा जयनगरमधल्या एका सोन्याच्या दुकानात गनमॅन म्हणून लागले. अशा नोकरीला परवाना आपला लागतो आणि हत्यारही आपलंच. दुकानाच्या मालकांना लांब बंदूक नको होती. गिऱ्हाईक बिचकतं म्हणायचे. सफारीखाली दिसणार नाही असं छोटं काहीतरी हवं. बाबांनी मग त्यातल्या त्यात स्वस्त, दुसऱ्याने वापरलेलं, तळहाताएवढं पिस्तूल घेतलं.

दर रविवारी सकाळी गच्चीवर वर्तमानपत्र पसरून ते पुसत बसायचे. जुन्या बनियनचा तुकडा, तेलाची बाटली. आयुधपूजेला दुकानात तराजूपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागायचं, पण बाबा पिस्तुलाला लावू द्यायचे नाहीत. फक्त कातडी म्यानावर एक बोट. "ह्याला आधीच सर्दी असते," म्हणायचे, "वर कुंकवाची पूड नको."

सर्दी म्हणजे ते अडकायचं. गोळी सुटली की रिकामी पुंगळी बाहेर पडायला हवी ना, ती निम्म्यात चिमटून बसायची. कधी दुसरं काडतूस वरच चढायचं नाही. परवानावाल्या कारागिराने दोनदा स्प्रिंग बदलली. पहिले काही दिवस बरं चालायचं, मग पुन्हा तेच.

दोन वर्षांपूर्वी आनेकलच्या बाजूला एका रेंजवर सगळ्या गनमॅनना सरावाला नेलं होतं. बाबांनी दहा गोळ्या झाडल्या. तीनदा अडकलं. मागून कुणीतरी ओरडलं म्हणे, "अण्णा, चोर आला तर त्याला स्वल्प थांब म्हणा, दुरुस्त करून येतो!" घरी येऊन हा विनोद बाबांनीच सांगितला, आणि आई हसली तेव्हा तेही हसले. पण जेवले नाहीत नीट.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कागद घेऊन बसवलं.

आमच्या घरात लिहिणं-वाचणं माझ्याकडे आहे. बँकेचा फॉर्म, गॅसची तक्रार, शाळेचे दाखले — मी सातवीत असल्यापासून. बाबा हिंदी वाचतात, मराठी वाचतात, कन्नड फाडफाड बोलतात, पण इंग्रजीशी त्यांची कधी गाठ पडली नाही. आणि दुकानात सगळा कारभार इंग्रजीत. म्हणजे बाबा मराठीत सांगणार, मी इंग्रजीत लिहिणार, आणि कन्नड बोलणारा मॅनेजर ते वाचणार. मध्ये कोण? मीच.

"लिही," बाबा म्हणाले. "पिस्तूल अडकतं. दहात तीन वेळा अडकलं. ह्याच्या भरवशावर दुकान सोडू नका. चांगलं हत्यार मिळेपर्यंत मला बाहेरची ड्यूटी द्या." मग थोडं थांबून, "तोंडी नको बाळ. तोंडचं कोण ध्यानात ठेवतं? लेखी दिलेलं बरं."

बाहेरची ड्यूटी. तुम्हाला ठाऊक आहे का ती काय असते? गळ्यात शिट्टी, डोक्यावर उन्हात छत्री, आणि दिवसभर लोकांच्या स्कूटर सरकवायच्या. आमच्या कॉलेजच्या मुली त्याच रस्त्यावर खरेदीला जातात. मी त्यांना सांगितलं होतं, माझे वडील सिक्युरिटी ऑफिसर आहेत. आतल्या काचेमागे सफारीत उभे असलेले बाबा तसे दिसायचेही. एकदा एका मैत्रिणीने लांबून पाहून म्हटलं होतं, "किती रुबाबदार आहेत गं!" आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्या मुलींच्या आया बँकेत, वडील इंजिनियर. त्यांच्यातली एखादी स्कूटर लावायला येणार आणि बाबा शिट्टी वाजवत तिचं हँडल धरणार — मला ते डोळ्यांसमोर दिसलं. इतकं स्पष्ट दिसलं, की —

सांगते. मी इंग्रजीत लिहिलं की रेंजवर चाचणी झाली, हत्यार व्यवस्थित चालतं, आणि मला आहे त्याच जागेवर ठेवावं ही विनंती. कॉलेजजवळच्या दुकानातून छापून आणलं. बाबांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत पाहिला, जणू वाचताहेत. मग सही केली.

"सगळं आलं ना?"

"आलं बाबा."

एवढंच. आवाजही कापला नाही माझा.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मॅनेजरला विचारलं, कागद मिळाला का. तो म्हणाला, सरी, म्हणजे ठीक आहे, फाइलला लावला. बाबांना वाटलं, मालकांना सगळं कळलंय आणि तरीही ठेवलंय, म्हणजे पिस्तूल नुसतं दाखवायला हवंय. मीही मनाशी तेच म्हणत राहिले. जयनगरात भरदिवसा कोण येणार?

पाच महिन्यांनी आले. दोघे, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, एकाच्या हातात कोयता. मी तिथे नव्हते. काउंटरवरच्या मुलीने नंतर सांगितलं, की तो तिच्या अंगावर आला तेव्हा बाबा मध्ये उभे राहिले. इशाऱ्याची पहिली गोळी छताला लागली. दुसरी सुटलीच नाही. बाबांनी एकदा चाप ओढला, पुन्हा ओढला, मग पिस्तूल खाली टाकलं आणि उजवा हात पुढे केला. त्या मुलीला खरचटलंसुद्धा नाही. आरडाओरडा ऐकून शेजारचे दुकानदार धावले, ते दोघे पळाले.

बाबांच्या मनगटाच्या शिरा तुटल्या होत्या. शस्त्रक्रिया झाली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता मिटत नाहीत.

इथे थांबले असते तर? इथे तरी बोलले असते तर? पण मी थांबले नाही.

हॉस्पिटलचं सगळं मालकांनी बघितलं. रोज यायचे. चौथ्या दिवशी त्यांनी सहज विचारलं, अण्णा, असं हत्यार होतं तर आम्हाला सांगायचं नाही का? बाबा म्हणाले, लेखी दिलं होतं. मालक म्हणाले, तुम्ही तर चालतं म्हणून दिलं होतं. बाबांचा चेहरा एकदम उतरला. ते जन्मात कुणाशी लेखी खोटं वागले नव्हते. घरी सोडल्यावर त्यांनी दुकानातून त्या कागदाची झेरॉक्स मागवली, डाव्या हाताने कशीबशी उलगडली आणि माझ्यापुढे धरली. "वाच गं. एकेक शब्द वाच."

आणि मी वाचलं. कागदावर होतं ते नाही, त्यांनी सांगितलं होतं ते. 'पिस्तूल अडकतं. दहात तीन वेळा अडकलं. ह्याच्या भरवशावर दुकान सोडू नका.' बोट इंग्रजी ओळींवरून फिरवत, अडखळतसुद्धा नव्हते. पाच महिन्यांनंतरही त्यांचा एकेक शब्द मला पाठ होता.

बाबांनी डोळे मिटले. सुटल्यासारखे दिसले. मग हळूच म्हणाले, "मग खोटं ते बोलले."

त्या दिवसानंतर त्यांनी मालकांचा फोन घेतला नाही. परवाना परत केला, पिस्तूल जमा केलं. मालकांनी गोदामावर बसून करायचं काम देऊ केलं, तेही नाही म्हणाले. आई चिडली, "एवढा कसला ताठा?" बाबा म्हणाले, "हात गेला त्याचं काही नाही. मला खोटं पाडलं."

मागच्या महिन्यात मालक घरी आले. तीन जिने चढून, हातात मोसंबी आणि भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. बाबा गॅसच्या टाकीवाल्यालाही पाणी दिल्याशिवाय सोडत नाहीत. त्या दिवशी ते दारात उभे राहिले आणि 'या'सुद्धा म्हणाले नाहीत. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "अण्णा, स्वल्प बोलायचं होतं," मालक कन्नडमध्ये म्हणाले. बाबांनी दाराची चौकट सोडली नाही. तो सत्तरीतला माणूस धापा टाकत थोडा वेळ उभा राहिला, पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि खाली उतरला. पायऱ्यांवर त्याच्या चपला बराच वेळ वाजत होत्या. मी तेव्हा धावत गेले असते तरी त्याला गाठला असता.

बाबा आत येऊन बसले. रोज संध्याकाळी मी त्यांच्या त्या दोन बोटांना कोमट तेल चोळते, ती वेळ झाली होती. मी वाटी घेऊन त्यांच्यापुढे बसले. ते अजून दाराकडेच बघत होते. मग म्हणाले, "माणूस चांगला होता गं तो. सगळ्या जन्मात एवढं एकच खोटं का बोलला असेल?"

ते खरंच विचारत होते. मी घरातली शिकलेली, मला ठाऊक असेल म्हणून.

मी म्हटलं, "कुणास ठाऊक, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि हात माझ्या हातात दिला.