पप्पांबरोबर राहिलेलं नागपूर

डब्लिनला निघाले त्या दिवशी सांगवीत आमच्या दारात गाडी चालू होती आणि पप्पा माझी बॅग तिसऱ्यांदा उतरवून पुन्हा लावत होते. आई म्हणाली, "अवो, इमान थांबणार हाय का तुमच्यासाठी?" मग पप्पा खिडकीशी वाकले. "दिवाळीला न्हाय आलीस तरी चालंल. दसऱ्याला ये. एकदा नागपूर करू." मी मान हलवली. बोलण्यापेक्षा ते मला नेहमीच सोपं गेलंय.

नागपूर म्हणजे दीक्षाभूमी. आजोबांनी धम्म स्वीकारल्यापासून दर दसऱ्याला आमच्या घरातलं कुणीतरी जातंच. पप्पा साखर कारखान्यात वायरमन. रजा त्या दिवसांसाठी राखून ठेवायचे. गावातले सगळे मिळून बस करायचे, भाकरी-चटणी बांधून निघायचे. येताना पप्पा पुस्तकं आणायचे. मराठी वाचताना मी अडखळायचे, म्हणून तेच मोठ्याने वाचून दाखवायचे.

मी बारामतीच्या इंग्लिश मीडियम शाळेत. पाचवीत मैत्रिणींनी विचारलं, पप्पा कुठे गेलेत? मी म्हणाले, नागपूरला, ऑफिसच्या कामाला. खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न कोणता येईल, हे मला त्या वयातही कळत होतं. नंतर पालकसभेत मॅडमनी हसून विचारलं, "मग, झालं का नागपूरचं ऑफिसचं काम?" पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "झालं, मॅडम." तोवर दर दसऱ्याला ते मला 'चल नागपूरला' म्हणायचे. त्यानंतर म्हणाले ते थेट डब्लिनला निघताना, त्या गाडीच्या खिडकीशी.

इथे डब्लिनमध्ये मी एका ट्रॅव्हल कंपनीत आहे. जगातल्या कोणत्या सणांसाठी मुद्दाम प्रवास करावा, ते लिहिते. थायलंडमध्ये आकाशात सोडलेले कंदील, मेक्सिकोतला मृतांचा सण, स्पेनमधली टोमॅटोंची मारामारी. कुठे उभं राहावं, गर्दी कधी कमी असते, सगळं सांगते. यातलं एकही मी पाहिलेलं नाही. ऑक्टोबरमध्ये कामाची झुंबड, म्हणून तीन दसरे फोनवर 'पुढच्या वर्षी' म्हणाले. "व्हय, व्हय. काम आधी," पप्पा म्हणायचे. एकदा मॅनेजर म्हणाली, तुझ्याकडचं एखादं सुचव. मी दिवाळी लिहून दिली. इथे तर नागपूर लिहिलं असतं तरी पुढचा प्रश्न मला कुणीच विचारणार नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात पप्पांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. मग मात्र मला रजा मिळाली.

दसऱ्याआधी मी गावी आले; विहारासमोर बस लागली. शेजारचे तात्या म्हणाले, "चढ की पोरी. तुझ्या बापाची सीट हाय, दुसरं कोण बसायचं न्हाय तितं." मी बसले. नागपुरात पांढऱ्या कपड्यांतली माणसं नजर पोचेल तिथवर होती. कुठे उभं राहावं हे मला कळेना. एका आजींनी हाताला धरून रांगेत घेतलं. "पयल्यांदा आलीस? एकलीच?" मी मान हलवली.

परत आल्यावर पप्पांच्या खाटेशी बसून पालकसभेचं सगळं बोलले. पहिल्यांदाच, मोठ्याने. ते छताकडे बघत होते. कितपत कळतंय ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात.

तुमच्यातले जे मागे राहिलेत त्यांना वाटतं, परदेशी गेलेल्यांना घराची ओढ असते. मला आता घराची भीती वाटते. डब्लिनला परतल्यापासून रोज आई फोन पप्पांच्या चेहऱ्यासमोर धरते, मी "पप्पा" म्हणते आणि वाट बघते. आईचा हात दुखेपर्यंत वाट बघते. घर म्हणजे आता तेवढंच.