खिडकीताई

पोहण्याच्या तलावावर तिकिटं देणाऱ्या बाईंना सगळे खिडकीताई म्हणत. खिडकीबाहेर त्यांना कुणी पाहिलंच नव्हतं. खिडकी लहान आणि फार खाली. तिच्यातून दिसे तो गोल चेहरा, घट्ट अंबाडा आणि तिकीट पुढे करणारा हात. बाकीच्या भल्यामोठ्या देहाला भिंतीचा आडोसा. सकाळी तलाव उघडण्याआधी त्या येत आणि शेवटचा माणूस केस पुसत फाटकाबाहेर गेला की मगच निघत.

ताईंच्या लहानपणी त्यांची काकू म्हणायची, "ही दारात उभी राहिली की घरात अंधार होतो." काकू केव्हाच गेली, तिचं वाक्य मात्र मागे राहिलं.

मग तलावाची दुरुस्ती निघाली. व्यवस्थापक म्हणाले, "ताई, ती भिंत पाडतोय. तुम्ही दाराशीच टेबल घेऊन बसा. तिकीट द्या, टॉवेल द्या. कसं मोकळं वाटेल."

घरी आल्या आल्या ताईंनी धाकट्या बहिणीला सांगितलं, "मी नोकरी सोडते."

"का गं?"

"मला नाही असं चारचौघांपुढे बसायचं."

बहीण भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पोट दिसू नये म्हणून पोटावरच पाय? धन्य आहेस. एक दिवस बसून बघ, मग सोड."

भिंत पडली, तलाव पुन्हा उघडला आणि एकच दिवस, म्हणून ताई गेल्या. अंगात सैल काळे कपडे, मांडीवर शाल, टेबल छातीशी ओढलेलं. पण टॉवेलांची चळत मागच्या फळीवर होती आणि बसून हात पुरेना. समोर रोजच्या आजी ताटकळलेल्या. शेवटी ताई उठल्या. शाल घसरून खाली पडली. वाकून उचलावी तर आणखीच दिसणार. टॉवेल हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या, कानशिलं तापलेली.

आजींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अगं, तू एवढी उंच?"

"हो."

"आणि खिडकी मेली एवढी खाली. मला वाटायचं तू बुटकी असशील, तुझ्याच मापाने केली असेल. वाकून वाकून कंबर गेली माझी."

मागचे गृहस्थ म्हणाले, "माझीही. तक्रार करणार होतो मी."

"मग केली का नाहीत?" ताईंनी विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

ताईंना हसू फुटलं. आपण इतकी वर्षं देह लपवत बसलो आणि बाहेर ही माणसं आपापली कंबर धरून उभी होती. हसताना पोट हललं. हलू दिलं.

दुपारी एक चिमुरडी त्यांच्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही केवढ्या जाड आहात." आईने तिला दटावत मागे ओढलं.

"असू दे हो. आहेच मी जाड," ताई म्हणाल्या. आवाज कापला नाही, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "तुला टॉवेल लहान हवा की मोठा?"

संध्याकाळी तलाव बंद होण्याची घंटा झाली, तशा ताई शाल पिशवीत कोंबून ओल्या केसांच्या घोळक्यातून फाटकाबाहेर पडल्या.

"आज लवकर आलीस?" बहिणीने दार उघडत विचारलं.

"सगळ्यांबरोबर निघाले."

"आणि नोकरीचं काय ठरलं?"

"उद्या काय घालू, ते सांग," ताई पंख्याखाली बसत म्हणाल्या. "या काळ्या कपड्यांत फार उकडतं."