संप मिटलो काय गो?

आज क्लासमध्ये मुलांना शिकवलं, कॉम्प्युटर बंद केला तरी रॉममधलं तसंच राहतं, रॅममधलं सगळं पुसलं जातं.

थकून करी रोडला घरी आले. बाबांना विसरण्याचा आजार आहे. त्यांच्या गिरणीच्या जागी टॉवर उभा राहिला, तरी रोज विचारतात, "संप मिटलो काय गो?"

रोज 'नाही' सांगते. आज त्राण नव्हतं. म्हटलं, "मिटला, बाबा."

काय हसले! "उद्या पयली पाळी. डबो लवकर कर."

चहा घेऊन बाहेर आले, तर पुन्हा, "संप मिटलो काय गो?"

संप रॉममध्ये आणि मिटल्याची बातमी रॅममध्ये.

आता सांगा, उद्या काय उत्तर देऊ? 'मिटला' म्हटलं तर ते रोज नव्याने हसतील. पण न भरायच्या डब्याला रोज 'हो' मलाच म्हणावं लागेल ना?