अखाजीला न्यायला गेलो तेव्हा

भडगावच्या पाटाच्या रस्त्यावर मी सायकलवर पुढे आणि माझी धाकटी बहीण दिपमाला अनवाणी धावत मागे. तिने कधी ‘दमले’ म्हटलं नाही. शेवटी मीच साखळी उतरल्याचं सोंग करून थांबायचो.

पुढे ती ऑलिंपिकला दहा हजार मीटर धावली. एकविसावी आली, आणि गावाने पहिली आल्यासारखी मिरवणूक काढली. काय दिवस होते ते! आठवलं की अजून ऊर भरून येतो.

मग शिरपूरला तिचं लग्न झालं. अशा खेळाडूंना रोज आपण कुठल्या घरी सापडू, हे फोनवर आधी नोंदवावं लागतं. उत्तेजकांची तपासणी करणारे न सांगता येतात. वर्षात तीनदा खेळाडू सापडला नाही की बंदी. तिच्या दोन खेपा आधीच हुकल्या होत्या, एकदा बस बिघडली म्हणून, एकदा घंटा ऐकू आली नाही म्हणून. मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते आणि तिला आणायला भाऊ जातो. मी गेलो.

“भाऊ, जरा थांब. फोनमा पत्ता बदलाना शे.”

“माहेरले जावाले बी परवानगी लागस का?” म्हणत मी तिची पिशवी उचलली. बस सुटायला आली होती. ती हसत मागे आली.

संध्याकाळी झोक्यावर बसून तिने गौराईची गाणी म्हटली. अगदी दहा वर्षांची दिसत होती. फोन पिशवीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तपासणीवाले शिरपूरच्या दारात. तिच्या सासूबाईंनी, प्रमिलाबाईंनी, त्यांना चहा पाजला आणि कौतुकाने सांगितलं, सून अखाजीला माहेरी गेलीय. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

दोन वर्षांची बंदी आली. पेपरात छापलं, ‘उत्तेजक प्रकरणी कारवाई’. माझं डोकंच फिरलं. सर्दीची गोळीसुद्धा दहादा विचारून घेणारी पोरगी ती, आणि लोक तिला इंजेक्शनवाली म्हणणार? चौकात दोघांशी भांडलो. पण चूक माझी होती, हे तिथे बोलायची हिंमत झाली नाही.

तिनेही सुनावणीत माझं नाव घेतलं नाही. ‘विसरले’ एवढंच लिहून दिलं.

यंदा बंदी संपली, पण ती पस्तिशीची झालीय. आता ऑलिंपिक नाही. परवा शिरपूरला जाऊन मी तिला विचारलंच, दोन खेपा गेल्या होत्या तर मला सांगितलं का नाहीस, मी तुला नेलंच नसतं.

“तू इतला लांबथीन लेवाले उना, भाऊ,” ती म्हणाली. “तुले एकलाले कशी परत धाडू?”