सात नंबरचा उंबरठा

बाबांना माझा विषय समजावायचा प्रयत्न मी तीनदा केला. पहिल्यांदा म्हटलं, सामाजिक भूगोल. ते म्हणाले, "म्हणजे नकाशे." दुसऱ्यांदा म्हटलं, बांधकामाच्या साहित्याचा अभ्यास. ते म्हणाले, "म्हणजे विटा." तिसऱ्यांदा मी नुसतं गणित म्हटलं, तेव्हा ते खूश झाले, कारण गणित म्हणजे बँकेतली नोकरी असा त्यांचा पक्का समज आहे. मी तिथेच थांबले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे काय चूक सांगितलं आणि काय बरोबर, हे तपासणारं घरात कोणी नव्हतं.

खरं तर विषयात हे तिन्ही होतं, आणि तो मलाही नीट कळलेला नव्हता. माटुंग्याच्या आमच्या कॉलेजात भूगोलाच्या मॅडमनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एवढंच सांगितलं होतं, "घराजवळचं काहीतरी मोज. जे मोजशील त्यातून माणसांबद्दल काहीतरी कळलं पाहिजे." बाकीच्या मुलींनी बसथांबे घेतले, बाजार घेतले. मी आठवडाभर घरी बसून घराजवळचं काय मोजावं याचा विचार केला आणि एका सकाळी दूध घ्यायला बाहेर पडताना ठेचकाळले. अंगठ्याला लागलं आणि विषय मिळाला.

परळची आमची चाळ बैठी. एका ओळीत दहा खोल्या, पुढे सामाईक पडवी, आणि प्रत्येक दाराला दगडी उंबरठा. सगळे झिजलेले, पण सारखे नाहीत. कोणाचा मधोमध बशीसारखा, कोणाचा जरासाच. मला वाटलं, ज्या घरात माणसांची ये-जा जास्त, त्या घराचा उंबरठा जास्त झिजलेला असणार. प्रत्येक घरात किती वर्षं, किती माणसं राहिली, पाहुणे किती यायचे, हे विचारायचं. मग झीज मोजायची आणि आलेख काढायचा. मॅडमना कल्पना आवडली. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, "सगळे दगड एकाच जातीचे आहेत का?" मी हो म्हणून टाकलं. घरी येऊन पाहिलं तर सहा काळे आणि चार पिवळट, मऊ. त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहायला हवं, पण मी झोपले. दुसऱ्या दिवशी मात्र दोन रंगांचे ठिपके काढायचं ठरवलं.

खरी अडचण मोजण्यात नव्हती. उंबरठ्यावर एक सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि खालच्या खळग्यात स्टीलची फूटपट्टी उभी धरायची, झालं. अडचण विचारण्यात होती.

"काकू, तुमच्या उंबरठ्यावर दिवसाला साधारण किती जण पाय ठेवतात?"

"उंबरठ्यावर पाय?" तीन नंबरच्या काकूंनी तांदूळ निवडायचे थांबवले. "आमच्याकडे कोणी उंबरठ्यावर पाय देत नाही हां. ओलांडतात. लक्ष्मी असते तिथे."

"मग हा खळगा कसा पडला?"

काकूंनी खळग्याकडे असं बघितलं, जणू तो मीच आणून ठेवला होता. "आधीच्या भाडेकरूंचा असेल."

दहापैकी नऊ घरांत हेच उत्तर. कोणीही कधीही उंबरठ्यावर पाय दिलेला नव्हता, तिन्हीसांजेला तिथे कोणी बसलेलं नव्हतं, आणि हे सांगणारी अर्धी माणसं सांगताना उंबरठ्यावरच बसलेली होती. दोन नंबरची आजी तर म्हणाली, "गो बाय, उंबरो मोजून काय गावतला?" मोजून काय मिळणार, हा तिचा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

पाय ठेवण्याचं विचारणं सोडून मी पाहुण्यांचं विचारलं, तेव्हा सगळे भरभरून बोलले. आलेख तयार झाला. नऊ ठिपके आपापल्या रंगाच्या रेषेत जवळजवळ बसले आणि मी हुरळून गेले. दहावा ठिपका मात्र दोन्ही रेषांच्या पार वर, वहीच्या समासात जायच्या बेतात होता. सात नंबरची खोली.

सात नंबरला एक आजोबा एकटे राहतात. गिरणी बंद झाल्यापासून ते फारसे कोणाशी बोलत नाहीत. त्यांच्याकडे कोणी येत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं, तेही एका शब्दात. "कोणी नाही." आणि त्यांचा उंबरठा काळ्या, टणक दगडाचा असून चाळीत सगळ्यांत खोल झिजलेला.

मॅडमनी आलेख बघितला आणि चष्मा डोक्यावर सरकवला. "हा ठिपका एक तर मोजण्यातली चूक आहे, नाहीतर तुला कोणीतरी खोटं सांगितलंय."

"मी तीनदा मोजलं, मॅडम."

"मग मी स्वतः बघते. मंगळवारी येते." चष्मा परत नाकावर घेत त्या म्हणाल्या, "पटलं तर एम.ए.ला हाच विषय पुढे ने, मी मार्गदर्शन करीन. नाही पटलं तर यादीतला एखादा तयार विषय घे. त्यातही वाईट काही नाही."

यादीत बसथांबे होते. मला बसथांबे नको होते. कधी नव्हे ते मला माझं असं काहीतरी सापडलं होतं, भले ते जमिनीपासून चार बोटांवर का असेना.

घरी येऊन मी आईला एवढंच म्हटलं, "मंगळवारी मॅडम आपल्या चाळीतले उंबरठे बघायला येणार आहेत." हे वाक्य मी आईला सांगायला नको होतं. आई इस्पितळात आया आहे. मोठे डॉक्टर फेरीला यायच्या आधी वॉर्ड कसा चकचकीत करायचा, हे तिला कोणी शिकवायला लागत नाही.

रविवारी मी दिवसभर लायब्ररीत होते. संध्याकाळी पाचला चाळीत शिरले तर पडवीत सगळे उभे, लग्नघरासारखे. दहाही उंबरठ्यांवर ओली गोणपाटं अंथरलेली. दहा नंबरचे मिस्त्रीकाका बादलीत थापी धूत होते.

"बघ," आई म्हणाली आणि आमच्या दारावरचं गोणपाट उचललं.

उंबरठा सपाट होता. करड्या सिमेंटचा, पट्टीनं ओढलेला, कडा काटकोनात.

"सगळे भरून घेतले," तीन नंबरच्या काकू म्हणाल्या. "एवढ्या शिकलेल्या बाई येणार आणि खड्डे बघणार? चाळीची काय शोभा?"

"काकांनी सकाळपासून पाणी पण नाही प्यायलं," आई म्हणाली. "थँक्यू म्हण."

मी थँक्यू म्हटलं. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि थोडं रडले. बाबा बाहेरून म्हणाले, "नळ बंद कर, पाणी जाईल."

जेवण झाल्यावर मी मिस्त्रीकाकांकडे गेले. ओरडायला नाही, मला ओरडता येत नाही. नुसतं सांगायला गेले, की काका, मला ते खड्डेच हवे होते. त्यांनी ऐकलं आणि डोक्याला हात लावला.

"अगं, मग आधी बोलायचं ना. तुझी आई म्हणाली उंबरठ्यांचं इन्स्पेक्शन आहे."

"आता मॅडमना काय दाखवू?"

"मला विचार की. मी भरलेत, मला माहीत." त्यांनी बोटं मोजली. "एक नंबरला एक थापी माल. दोनला दीड. तुमच्या चारला सव्वा, तो पसरट होता. सातला तीन थाप्या. पण सातचा खड्डा नव्हताच तो."

"म्हणजे?"

"पायानं दगड झिजतो ना, तो बशीसारखा. सातचा होडीसारखा होता. अरुंद, लांबट आणि एका कडेला. माणूस काय कडेकडेनं एका पायावर चालतो? पात्याचं काम आहे ते."

मी वहीत तीनदा खळग्याची खोली लिहिली होती. आकार एकदाही लिहिला नव्हता.

मंगळवारी मॅडम आल्या. पडवीत खुर्ची, खुर्चीवर टॉवेल, समोर कांदेपोहे. मॅडमनी पोह्यांकडे पाहिलं, मग ओळीनं दहा गुळगुळीत उंबरठ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चाळ कौतुकाची वाट बघत होती.

"मॅडम, हे परवा..." मी सुरुवात केली. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. आई, मिस्त्रीकाका, थाप्या, होडी. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, की हे सगळं बनावट वाटतंय. पुरावा बुजवून मग पुराव्याची गोष्ट सांगणारी मुलगी.

मॅडम काही बोलायच्या आत सात नंबरचं दार उघडलं. आजोबा हातात कोयता घेऊन उभे होते. मॅडम खुर्चीत जरा मागे सरकल्या.

"मिस्त्री," आजोबा म्हणाले, "नारळ सोलायचाय. आता धार कुठे लावू, तुझ्या डोक्यावर?"

पडवीत हसू फुटलं. मॅडमनी विचारलं, "आजोबा, तुम्ही उंबरठ्यावर धार लावता?"

"मी एकटा नाही. चाळीतले सगळे कोयते, सगळ्या विळ्या इथे. नारळीपौर्णिमा, गणपती, बुधवारी मासे आणले की आहेच. बाकीच्यांचे दगड एकतर मऊ, नाहीतर फुटके. हाच चांगला."

"मग तुम्ही मला कोणी येत नाही का म्हणालात?" मी विचारलं.

"तू पाहुणे विचारलेस. हे काय पाहुणे? बाहेरच्या बाहेर धार लावून जातात."

तीन नंबरच्या काकूंनी पदर नीट केला. "मी लावलीय गेल्या बुधवारी," त्या म्हणाल्या. मग दोन नंबरच्या आजीनेही कबूल केलं. मग आई. मी जन्मापासून त्या चाळीत राहतेय. आईला तिथे विळी घासताना शेकडो वेळा बघितलं असेल, आणि माझ्या यादीत 'कोणी नाही' असं लिहिलं होतं.

आजोबांचा हट्ट, की सिमेंट आत्ताच्या आत्ता काढा. मिस्त्रीकाका छिन्नी-हातोडी घेऊन कुरकुरत बसले. दोन टोले घातले आणि सिमेंटचा अख्खा तुकडा टपकन सुटून वर आला. न फुटता. खालून होडीसारखा, गुळगुळीत.

काका खजील झाले. "घाईत छिन्नीनं टाचे मारून दगड खडबडीत करायचा राहिला. आणि दगड बघा किती तेलकट. इतक्या वर्षांचं खोबरं आणि मासे. याला माल धरेलच कसा?"

मॅडम खुर्ची सोडून खाली बसल्या होत्या, आजोबांच्या दारात, जमिनीवर. त्यांनी तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला. "पाण्याचं भांडं आहे का?"

आईनं डबा काठोकाठ भरून आणला, खाली परात ठेवली. तुकडा आत सोडला, सांडलेलं पाणी आईच्या औषधाच्या मापानं मोजलं. मापं मोजायचं काम आईनं स्वतःकडेच ठेवलं आणि प्रत्येक वेळी आकडा मोठ्यानं सांगितला. मिस्त्रीकाकांनी शेजारी तीन थाप्या माल त्याच मापात भरून दाखवला. दोन्ही आकडे अगदी सारखे आले नाहीत, पण जवळ आले.

"ठिपका राहू दे तिथेच," मॅडम मला म्हणाल्या. "तो चुकला नव्हता. तुझा प्रश्न अपुरा होता." मग त्यांनी पडवीभर नजर फिरवली. "आणि बाकीचे नऊ बघ. काळा दगड, पिवळा दगड, सगळा घोळ संपला. एकाच दिवशी, एकाच मालात, एकाच हातानं भरलेले सपाट उंबरठे. दोन वर्षांनी हे किती झिजतात ते मोज. असं कोणाला मुद्दाम करून मिळत नाही."

"मग मी केलं ते बरोबर?" मिस्त्रीकाकांनी विचारलं.

"हिला न विचारता केलंत ते चूक," मॅडम म्हणाल्या. "पण छान केलंत."

त्यांनी पोहे संपवले आणि जाताना माझ्या एम.ए.च्या विषयाच्या फॉर्मवर सही केली. आईनं मला आत ओढून विचारलं, "म्हणजे पास झालीस ना?"

"आई, आता सुरू झालं. दोन वर्षं हे उंबरठे असेच राहायला हवेत. कोणी हात लावायचा नाही, भरायचे नाहीत, घासायचे नाहीत."

आईनं मान डोलावली आणि लगेच पडवीत गेली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या सोमवारी मी पहिली नोंद घ्यायला वही घेऊन बाहेर आले. तीन नंबरच्या काकू दोन हातांत दोन पिशव्या घेऊन घरी आल्या, दाराशी थांबल्या, दम घेतला आणि उंबरठ्यावरून चक्क उडी मारून आत गेल्या. मागोमाग त्यांचे मिस्टर, त्यांनीही उडी मारली. दोन नंबरच्या आजीला सून दोन्ही काखांत हात घालून उचलून आत नेत होती.

मला बघून काकू दारातून म्हणाल्या, "बघ, एक पाय नाही पडू दिला आठवडाभर. तुझं काम खराब व्हायला नको."

सात नंबरच्या दारात बाबा विळीला धार लावत बसले होते. मी वही उघडली आणि काकूंना कुठून सांगायला सुरुवात करावी, याचा विचार करत उभी राहिले.