भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

आमच्या व्यायामशाळेतली दुपारची बायकांची बॅच नुकतीच सुटली होती. मी वजनं जागेवर लावत होते, तेवढ्यात नवऱ्याचा, संतोषचा फोन आला. "बॅच सुटली का?" त्याने विचारलं. असं तो कधी विचारत नाही. मी हो म्हटलं, तेव्हा कुठे म्हणाला, "आबा गेले." माझे सासरे सकाळी पाचोडच्या बाजाराला गेले होते. तिथे कुस्तीतल्या एका जुन्या जोडीदाराच्या ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला, कप खाली ठेवला, भिंतीला टेकले... आणि संपलं. चहा पूर्ण घेतला होता, हे तो जोडीदार आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत होता. मलाही, का कोण जाणे, तेवढ्याचं बरं वाटलं. अर्धवट काही सोडणं आबांच्या स्वभावात नव्हतं. याला आता काही आठवडे झाले, आणि भेटायला येणारे थांबले म्हणून लिहायला बसले आहे.

आबा मूळचे बिडकीनकडचे. तरुणपणी कुस्ती केलेली, पुढे शेती. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली तेव्हा भाऊबंदांनी गाड्या घेतल्या आणि आबांनी लोखंड घेतलं. हर्सूलला घर बांधलं, वर आम्ही आणि खाली व्यायामशाळा. त्यांचं स्वतःचं पोट चांगलं गोल होतं. नवीन पोरं यायची, आधी भिंतीवरचे पिळदार फोटो शोधायची, ते नाहीत म्हटल्यावर आबांच्या पोटाकडे बघून एकमेकांना कोपर मारायची. मग त्यातला एखादा धीट विचारायचा, "आबा, पोटाचे व्यायाम रोज किती मारायचे?" आबांचं उत्तर ठरलेलं. "तुझ्या घरी भाजीत मीठ किती टाकत्यात? तेवढंच. रोज नाय, एक दिस सोडून, अन् सगळ्यात शेवटी. आधीच पोट थकवलं तर वजन उचलताना पाठीला धरायचं कुणी?" पोरगं तरी हट्ट करायचं. मग आबा पिण्याच्या पाण्याचा भरलेला जार त्याच्या एका हातात द्यायचे आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावायचे, खांदा न झुकवता. पोरगं घामाघूम होऊन परत आलं की म्हणायचे, "आता पोट कुठं दुखतंय ते सांग. वजन उचलताना पोट काय गाडीच्या डिक्कीत ठिवून येतोस व्हय?" 

हे सगळं मी लग्न होऊन आल्यापासून जिन्यावरून ऐकत होते, पण त्याचा माझ्याशी काही संबंध आहे असं वाटलं नव्हतं. मी शहरातल्या एका कारकुनाची मुलगी, शाळेत शिक्षिका. व्यायाम म्हणजे पुरुषांनी करायचा आणि बायकांनी त्यांचे कपडे धुवायचे, एवढीच माझी समज. मग मुक्ता झाली, सिझेरियनने. टाके भरून आले, पण कंबर उभी राहीना. सासूबाईंनी रीतीप्रमाणे पोट बांधलं, आल्या-गेल्या प्रत्येकीने 'काही उचलू नको' म्हणून बजावलं, आणि मी ते इतकं मनावर घेतलं की महिने उलटले तरी माझी पोर मला जमिनीवरून उचलता येत नव्हती. ती रांगत यायची, दोन्ही हात वर करायची, आणि मी उचलून घेण्याऐवजी तिच्याशेजारी खाली बसायचे. हळूहळू ती हात वर करू लागली ते आजीकडे बघून. ते मला फार लागलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी खोलीचं दार लावलं आणि पाठीवर पडून धडाधड सिट-अप्स मारायला सुरुवात केली, जितक्या जास्त तितकं बरं असं समजून. दाराबाहेर आबा पेपर वाचत होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाहेरून आवाज आला, "सूनबाई, श्वास कोंडायलीस तू. डॉक्टरीणबाईला विचारलंस का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरीणबाईंनी तपासून हळूहळू सुरुवात करायला सांगितलं, कुणाच्या तरी देखरेखीखाली. आता ती देखरेख करणार कोण? घरात जाणकार एकच, आणि ते सासरे. सुनेने सासऱ्यांसमोर ट्रॅक पँट घालून जमिनीवर आडवं पडायचं, हे आमच्या घरात कुणी बोलूनही दाखवलं नसतं. आबांनी त्यावर काढलेला तोडगा त्यांनाच सुचू शकतो. त्यांनी व्यायामशाळेतली लोखंडी खुर्ची उचलली, कोपऱ्यात नेली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले. सासूबाई दारात शेंगा सोलत बसल्या. "तू कर. मी बघत नाय, ऐकतो," आबा म्हणाले. "गडी कुठं कच्चा हाय, ते श्वासावरून कळतंय." पाय दुमडून पडायचं, लांब श्वास सोडायचा आणि सोडता सोडता एक टाच पुढे सरकवायची. एवढंच. मी विचारलं, "आबा, एवढंच?" म्हणाले, "एवढंच. श्वास अडला की बास. त्याच्याम्होरचं पोटाचं नसतंय, हट्टाचं असतंय."

मला वाटलं होतं पाठ करून बसलेल्या माणसाला काय कळणार. पण ते बरोबर पकडायचे. मी दात आवळले की भिंतीकडून 'बास' यायचं. पाठीचा व्यायाम वाढला, बैठका वाढल्या, हातात वजन आलं, पुढे तो पाण्याचा जारही आला. पोटाचा व्यायाम मात्र चिमूटभरच राहिला, नेहमी शेवटी. मी कुरकुर केली की सासूबाईच दारातून म्हणायच्या, "अगं, मिठाचं ऐकलं नाहीस का?" एका संध्याकाळी व्यायाम संपत आला होता, आणि मुक्ता सासूबाईंच्या शेंगा उधळून माझ्याकडे आली. आता ती चांगली जड झाली होती. तिने हात वर केले. मी गुडघ्यातून वाकले, तिला छातीशी धरलं, श्वास सोडला आणि उभी राहिले. खुर्चीकडून आवाज आला, "बरोबर सोडलास." मग जरा थांबून, "वळू का आता?" मी 'वळा' म्हटलं. आबा वळले, माझ्या कडेवरच्या नातीकडे त्यांनी नुसतं बघितलं, आणि खांद्यावरच्या उपरण्याने चष्मा पुसत बसले... बराच वेळ.

ही गोष्ट गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागणार? आधी शेजारच्या दोघी आल्या, मग त्यांच्या बहिणी, जावा. दुपारची बॅच सुरू झाली आणि आबा भिंतीसमोर. बायकांनी त्यांची गंमतही कमी केली नाही. एकदा सगळ्या ठरवून आडव्या पडून राहिल्या, हालचाल काही नाही, नुसतं फूऽ फूऽ सुरू. आबांनी थोडा वेळ ऐकून घेतलं. म्हणाले, "काय गं बायांनो, चहा फुंकायलात का?" हसून हसून त्या दिवशी जो पोटाचा व्यायाम झाला, तो मोजला तर आठवड्याचा कोटा संपला. चौकातली माणसं त्यांना 'भिंतीचे मास्तर' म्हणून चिडवायची. आबांना राग नव्हता. "भिंतीला नजर नसती, म्हणून बाया निवांत असत्यात," असं म्हणून ते पुढे चालू लागायचे. पुढे कानांनी साथ सोडली, तेव्हा एक दिवस खुर्चीतून उठले आणि मला म्हणाले, "आता तू ऐक." त्यानंतर पाचोडच्या बाजारात मी त्यांच्यासोबत गेले होते. त्यांच्या जोडीदाराने विचारलं, ही सून का? आबा म्हणाले, "सून तर हायेच. पण या आमच्या वस्ताद." आयुष्यात मला प्रमाणपत्रं मिळाली ती सगळी कपाटात आहेत, हे एक मात्र मी रोज अंगावर घेऊन फिरते.

म्हणून अंत्ययात्रेच्या वेळी मी खांदा द्यायला पुढे झाले. भावकीत कुजबुज झाली. एक चुलत सासरे म्हणाले, "सूनबाई, तुम्ही राहू द्या, ओझं असतंय." सासूबाई रडत होत्या, पण आवाज खणखणीत निघाला, "देऊ द्या तिला. त्यांनीच तयार केलीय." मी गुडघ्यातून वाकले, तिरडीचा बांबू खांद्यावर घेतला, श्वास सोडला आणि उभी राहिले. आबांना माझ्यामुळे धक्का बसू नये, एवढंच डोक्यात होतं. तो बसला नाही. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

खुर्ची अजून त्याच कोपऱ्यात आहे. आबांनंतर तिच्यावर कुणी बसलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी उभ्यानेच शिकवायचे. परवा एक नवीन बाई आली, बाळंतपण होऊन थोडेच महिने झालेली. ती सारखी कपडे सावरत होती. डॉक्टरांनी हो म्हटलंय, पण सगळ्यांसमोर नको वाटतं, असं हळूच म्हणाली. मी खुर्चीत जाऊन बसले, भिंतीकडे तोंड करून. समोर नुसते रंगाचे पोपडे, एक खिळा आणि ओलीचा डाग. तेवढंच. इतकी वर्षं रोज दुपारी आबांनी हे बघितलं होतं, आम्हाला मोकळेपणाने श्वास घेता यावा म्हणून. मागे बॅच सुरू झाली. मी डोळे मिटले. कितीतरी श्वास एका लयीत येत-जात होते, आणि त्यातला एक पलीकडच्या कोपऱ्यातून अडखळला.

"बास," मी म्हटलं.