बुजवलेली विहीर

ती आमच्या बांधकाम विभागात नवी अभियंता म्हणून पुण्याहून रुजू झाली तेव्हा माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. म्हैसूरच्या आमच्या विद्यापीठात नवी संशोधन-इमारत उभी राहायची होती. आवारातला प्रत्येक उतार माझ्या पायांना पाठ, तेव्हा पावसाच्या पाण्याची आखणी माझीच होणार असं मी धरून चाललो होतो. मी नेहमीसारखी सिमेंटची गटारं आखली, पाणी सरळ फाटकाबाहेर. तिनं उलटंच केलं. झाडं राखली, गवताचे उथळ चर काढले आणि सगळं पाणी आवारातच एका शोषखड्ड्यात मुरवलं. इमारत समितीनं तिचा नकाशा घेतला. मी हसून अभिनंदन केलं आणि घरी येऊन जेवलो नाही.

त्यात बायकोनं तिला दसऱ्याला जेवायला बोलावलं. तिनं बिसीबेळेभात दोनदा मागून घेतला. ती गेल्यावर बायको म्हणाली, "किती स्वच्छ मराठी बोलती, नोडी, बघा तरी. आपलं म्हणजे अर्धं कन्नडच की." इतक्या वर्षांत माझ्या बोलण्याचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला.

तिच्या नकाशात एक खोट होती आणि ती फक्त मला ठाऊक होती. शोषखड्ड्याच्या जागेपासून चार पावलांवर जुनी विहीर होती. नोकरीच्या सुरुवातीला मीच ती राडारोडा टाकून बुजवली होती, नकाशावर दाखवायची मात्र राहून गेली. पाणी मुरलं की तिथली जमीन बसणार. सांगायला एक वाक्य पुरे होतं. पडू दे तोंडघशी, म्हणून मी गप्प राहिलो.

चर आणि खड्डा खणून झाल्यावर चाचणीसाठी टँकर मागवला. समितीची मंडळी जमली. पाणी चरांतून शहाण्यासारखं गेलं, खड्ड्यात उतरलं, आणि थोड्या वेळानं शेजारची जमीन पुरुषभर खचली. मला आनंद झाला. तो आठवला की आजही लाज वाटते.

तिनं वाकून पाहिलं. मातीत विटांचं गोल बांधकाम उघडं पडलं होतं. तिचा चेहरा उतरायच्या ऐवजी उजळला. "ही तर विहीर आहे," ती म्हणाली. "साफ केली तर पाणी गाळून हिच्यातच सोडता येईल." अध्यक्षांनी मान डोलावली. म्हणजे माझी विहीरसुद्धा आता तिची झाली.

"खोल किती असेल?" तिनं सगळ्यांना विचारलं. "वीसेक फूट?"

"वीस कशाला, पंचेचाळीस आहे की," मी बोलून गेलो.

सगळे माझ्याकडे वळले. तिनं वहीत पंचेचाळीस लिहिलं. मग खचलेल्या जागेकडे पाहिलं, जिथं ती सकाळीच मोजमापाची फीत धरून उभी होती, आणि मग माझ्याकडे.